दोन बोटांची दांडी

होळकर सरकारच्या बग्गीखान्यात तुकोजीरावांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. संस्थान विलीन झालं, घोडे लिलावात गेले, बग्ग्या कुणाकुणाच्या अंगणात उभ्या राहून कोंबड्यांची खुराडी झाल्या. मध्य प्रदेश होऊनही दहाएक वर्षं लोटली. तरी मल्हारगंजात कुणाला टांगा घ्यायचा असो, हातठेला बनवायचा असो की गाडीवर ड्रायव्हर ठेवायचा असो, माणूस आधी तुकोजीरावांकडे येई. ते चाकावर हात फिरवत, वाकून दोन चाकांना जोडणारा आस बघत, ड्रायव्हरला एक फेरी मारायला सांगत आणि मग जे बोलत ते शेवटचं असे. या मानाची त्यांना इतकी सवय झाली होती की तो आहे हेही त्यांच्या ध्यानात येत नसे.

त्यांची दोन मुलं, लक्ष्मण आणि संताजी. एक वीज कचेरीत कारकून, दुसरा कापड मिलमध्ये. दोघांना मोटरसायकलींचं वेड. पाऊसकाळ सरला की महूच्या छावणीतले लष्करी लोक माळावर शर्यत ठेवत. रस्त्यावरची शर्यत नव्हे ती. दगड, नाले, चिखल, टेकाड, सगळ्यावरून मोटरसायकल न्यायची. बाहेरच्या मुलांनाही त्यात भाग घेता येई. या शर्यतीसाठी भावांनी आपल्या गाड्यांचे दिवे, मडगार्ड, हॉर्न असं सगळं उतरवून ठेवलं होतं. अशी गाडी सडकेवर चालवली तर पोलीस पहिल्याच चौकात धरणार, म्हणून ती कशात तरी घालून न्यावी लागे. आदल्या वर्षी उघड्या ट्रकमधून नेल्या. वाटेत धूळ इतकी बसली की लक्ष्मणची गाडी पहिल्याच फेरीत खोकून बंद पडली.

"या वेळी बंद ट्रॉली पाहिजे," लक्ष्मण म्हणाला. "वरून, बाजूनं, सगळीकडून बंद."

"आणि हलकी," दिवाकर म्हणाला. "माझी जीप म्हातारी आहे, भिया. जड काही जोडलं तर ती तिथंच बसून जाईल."

दिवाकर म्हणजे शेजारच्या घरातला, लक्ष्मणच्या वर्गातला. वडील कचेरीत हेडक्लार्क, थोरला भाऊ मास्तर. हा मात्र मॅट्रिकला अडकला तो अडकलाच. लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेऊन तो सर्व्हेच्या साहेबांना गावोगाव फिरवी. त्याच्या घरात ही गोष्ट हळू आवाजात सांगितली जाई. नव्या कन्याशाळेला मुली आणण्यासाठी बस येणार होती आणि तिच्यावर पक्क्या पगाराचा ड्रायव्हर हवा होता. दिवाकरनं तिथं नाव दिलं होतं. ती जागा मिळाली तर घरातला आवाज थोडा मोठा होईल, अशी त्याला आशा होती.

ट्रॉली निवडायला चौघं निघाले. तुकोजीराव पुढं, बाकीचे मागं.

पहिली बघितली ती लष्करी लिलावातली लोखंडी. मजबूत होती, पत्रा जाड होता, दाराला भक्कम कडी होती. संताजीनं दांडी धरून उचलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"हिला ओढायला जीप नको, हत्ती पाहा," दिवाकर म्हणाला.

दुसरी एका डेअरीची होती, जस्ताच्या पत्र्याची डबी. हलकी होती, पण दार इतकं अरुंद की मोटरसायकलचं हँडल आत जाईना.

"आडवी घालावी लागेल," लक्ष्मण म्हणाला.

"घाल की. शेजारी तूही झोप. दोघंही दुधात न्हाऊन निघाल," संताजी म्हणाला, आणि डेअरीवाल्यासकट सगळे हसले.

शेवटी ते छावणीतल्या कृष्णरावांच्या शेडमध्ये आले. कृष्णराव पूर्वी बग्गीखान्यात बग्ग्यांवरचे टप बनवत, तुकोजीरावांच्या हाताखाली. आता बसच्या बॉडीचं काम करत. त्यांच्याकडे एक अर्धवट ट्रॉली पडून होती. लाकडी सांगाडा, त्यावर प्लायवूड, वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मागं पूर्ण उघडणारं दार. तेच दार खाली टेकलं की गाड्या चढवायला उतार तयार. संताजीनं एकट्यानं ती शेडबाहेर ओढून आणली. आत अंधार होता. फटीतून उजेड येतो का हे बघायला दिवाकर आत शिरून बसला, आणि लक्ष्मणनं बाहेरून दार लावून घेतलं.

"धूळ नाही येत," आतून आवाज आला. "हवाही नाही येत. उघड यार."

निवड झाली होती. पण तुकोजीराव अजून आसाकडे बघत होते.

"कृष्णराव, आस एक वीत पुढं घ्या."

"पुढं? मग मागची बाजू लांब राहील, साहेब."

"राहू द्या. दांडी हलकी झाली पाहिजे."

बग्गीखान्यातली ही पहिली शिकवण होती. दोन चाकांच्या गाडीत ओझं आसाच्या पुढं गेलं की दांड्या खाली दाबतात आणि सगळा भार घोड्याच्या पाठीवर येतो. घोडा सोलवटतो, दमतो, महिन्याभरात निकामी होतो. म्हणून ओझं थोडं मागं सरकवायचं. भरलेल्या गाडीची दांडी माणसाला दोन बोटांनी उचलता आली पाहिजे. नव्या मुलांना तुकोजीराव हे पहिल्या दिवशी शिकवत, आणि ज्याला दुसऱ्या दिवशी आठवत नसे त्याला लीद उचलायला लावत.

कृष्णरावांनी मुकाट्यानं आस पुढं घेतला.

शर्यतीच्या दिवशी सकाळी दोन्ही मोटरसायकली आत चढवल्या. तुकोजीरावांनी त्या मागं घेववल्या, आणखी मागं घेववल्या. मग पुढं येऊन त्यांनी दोन बोटांनी दांडी उचलून सगळ्यांना दाखवली. ती पिसासारखी वर आली. गल्लीत जमलेल्या लोकांनी वाहवा केली.

दिवाकरनं दांडी जीपच्या हुकात अडकवली, एकदा हलवून बघितली. "काका, थोड्या पुढं घेऊ का गाड्या? दांडी हुकावर बसल्यासारखी वाटत नाही."

"का रे, तुझी जीप म्हातारी ना? तिच्या कमरेवर ओझं कशाला?"

लोक हसले. दिवाकरही हसला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला. तुकोजीराव त्याच्या शेजारी, मुलं मागं.

भंवरकुआंपर्यंत ठीक गेलं. तिथं वस्ती संपून शेतं लागत, आणि रस्ता मोकळा मिळाला म्हणून दिवाकरनं जीप थोडी सोडली. लगेच मागून ट्रॉली डोलू लागली. त्यानं वेग कमी केला, डोलणं थांबलं. पुन्हा सोडली, पुन्हा डोलणं.

"मागून कुणीतरी शेपूट हलवतंय, काका. उतरून बघू का?"

"रस्ताच तसा आहे. चल, वेळ होतोय."

राऊच्या अलीकडे एक लांबट उतार होता. मोठा नव्हता, बैलगाडीवाले तिथं झोपा काढत. दिवाकरनं जीप सावकाशच उतारावर घातली. एक प्रवासी बस भोंगा वाजवत त्यांना मागं टाकून गेली. बसचा वारा ट्रॉलीला लागला आणि ती एका बाजूला गेली, मग दुसऱ्या बाजूला, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. जीपचं मागचं टोक तिच्याबरोबर ओढलं जाऊ लागलं. दिवाकरनं स्टिअरिंग घट्ट धरलं होतं आणि तो तोंडानं काही तरी पुटपुटत होता. मग हुक तुटल्याचा आवाज आला. ट्रॉली आडवी होऊन रस्त्याकडेच्या खड्ड्यात गेली आणि जीप गर्रकन फिरून थांबली.

दिवाकरच्या कपाळाला काच लागली होती. बाकी कुणाला काही झालं नव्हतं. प्लायवूड फाटून लक्ष्मणच्या मोटरसायकलचं पुढचं चाक बाहेर आलं होतं. त्याचा फोर्क वाकला होता. संताजीच्या गाडीतून तेल गळत होतं. शर्यत गेली, हे सगळ्यांना दिसत होतं.

लक्ष्मण खड्ड्यात उतरला, वर आला आणि दिवाकरसमोर उभा राहिला. "उतारावर हळू चालव एवढंही कळत नाही?"

"हळूच होतो, यार. काकांना विचार."

दोघांनी तुकोजीरावांकडे बघितलं. तुकोजीराव पुढच्याच सीटवर होते. जीप हळू होती हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण ट्रॉली कशामुळे फिरली हे त्या क्षणी त्यांनाही कळलं नव्हतं, आणि न कळणं ही त्यांच्यासाठी नवी गोष्ट होती.

"उतारावर अंदाज चुकतो कधी कधी," ते म्हणाले.

 कपाळाला रुमाल लावून दिवाकर तुटलेला हुक बघायला गेला.

मल्हारगंजात ते वाक्य संध्याकाळच्या आत पोचलं. तुकोजीराव शेजारी बसून म्हणतात म्हटल्यावर आणखी काय पाहिजे. लक्ष्मणनं दिवाकरशी बोलणं सोडलं.

मोटरसायकली ट्रकनं घरी आल्या. ट्रॉली राऊच्या एका गॅरेजमध्ये ठेवली होती. ती आणायला पुढच्या आठवड्यात दिवाकर स्वतःहून तयार झाला. त्यानं नवा हुक बसवून घेतला होता. लक्ष्मण गेला नाही, म्हणून तुकोजीराव गेले.

परतताना ट्रॉलीत फारसं काही नव्हतं. एक जादा चाक, हत्यारांची लोखंडी पेटी आणि तुटलेले सुटे भाग, एवढंच. गॅरेजवाल्यानं ट्रॉली नाक खाली करून उभी केली होती. त्यामुळे ते सगळं सामान घसरून पुढच्या भिंतीशी येऊन बसलं होतं. हुकात अडकवताना दिवाकर आणि तुकोजीराव दोघांना मिळून दांडी उचलावी लागली.

दिवाकर चोरासारखा गाडी चालवत होता. दर थोड्या वेळानं आरशात बघत होता.

"जरा जोरात घे," तुकोजीराव म्हणाले.

"नको काका. पुन्हा काही झालं तर..."

"घे म्हणतो ना."

त्यानं जीप सोडली. ट्रॉली सरळ येत राहिली. एक ट्रक घासून गेला, तरी ती हलली नाही. राऊपासून भंवरकुआंपर्यंत ती गाईमागच्या वासरासारखी आली.

"रिकामी आहे ना, म्हणून," दिवाकर म्हणाला. "माझ्याच हातून झालं काका त्या दिवशी. मी रोज विचार करतो, नेमकं काय चुकलं. स्टिअरिंग उलटं फिरवलं का मी?"

तुकोजीराव खिडकीबाहेर बघत होते. दांडीचा भार अजून त्यांच्या तळहातात होता.

घोडा दोन दांड्यांच्या मधे उभा असतो. गाडी डावीकडे गेली तर उजवी दांडी त्याच्या अंगाला लागते, उजवीकडे गेली तर डावी, आणि स्वतःच्या बरगड्यांनी तो गाडीला सरळ धरून ठेवतो. जीपला बरगड्या नाहीत. तिथं एकच हुक, आणि त्या एका हुकाभोवती मागची गाडी हवी तशी फिरू शकते. ओझं पुढं असलं की ती हुकावर दाबून बसते आणि ओढलेल्या दोरीसारखी मागं येते. ओझं मागं असलं की शेपटी जड होते, आणि एकदा हलली की थांबत नाही. घोड्याची काळजी घेण्याचा नियम त्यांनी जीपला लावला होता. आस त्यांनीच पुढं घेववला होता, गाड्या त्यांनीच मागं ढकलवल्या होत्या. आणि दिवाकर हुकाबद्दल बोलला तेव्हा त्याच्यावर सगळ्या गल्लीला हसवलं होतं.

"काका?"

"काही नाही. तुझं स्टिअरिंग बरोबर होतं," एवढंच ते म्हणाले. आणि पुढचं सांगायच्या आधी मल्हारगंज आलं.

आज रात्री सांगू, असं त्यांनी ठरवलं. रात्री लक्ष्मण उशिरा आला. उद्या सांगू, असं ठरवलं. मग प्रत्येक दिवसाबरोबर सांगायची गोष्ट मोठी होत गेली. आधी फक्त चूक सांगायची होती, आता गप्प राहिल्याचंही सांगावं लागणार होतं.

नवरात्रात सरोजिनीबाई आल्या. कन्याशाळेच्या मोठ्या बाई. त्यांचे वडील होळकर दरबारात खाजगीकडे, म्हणजे राजघराण्याच्या स्वतःच्या मिळकतीच्या कचेरीत होते, म्हणून दोन्ही घरांची जुनी ओळख. जनाबाईंनी, तुकोजीरावांच्या पत्नीनं, चहा आणि शेव पुढं ठेवली.

"तुकोजीराव, मला एकच गोष्ट विचारायची आहे. दिवाकरला बसवर ठेवू का? मुलगा मला पसंत आहे. पण राऊच्या उताराचं कानावर आलंय, आणि बसमध्ये लहान मुली असणार. तुम्ही शेजारी बसला होतात. तुम्ही हो म्हणा, मी उद्या ठेवते."

सगळं सांगायला याहून चांगली वेळ नव्हती. एका वाक्याचं काम होतं. तुकोजीरावांनी कप खाली ठेवला. त्यांना सरोजिनीबाईंच्या चेहऱ्यावरचा तो भरवसा दिसत होता, जो ते कायम लोकांच्या चेहऱ्यावर बघत आले होते. ज्या माणसाला दोन चाकांची गाडी कशी भरायची हे कळत नाही, त्याला ड्रायव्हरबद्दल कोण विचारील?

"मुलगा चांगला आहे," ते म्हणाले. "थोडा घाईचा आहे. वय आहे. अजून एक-दोन वर्षं जाऊ द्या."

"बरं झालं विचारलं," सरोजिनीबाई म्हणाल्या.

त्या गेल्यावर जनाबाई कप उचलायला आल्या. "मुलगा घाईचा आहे? तुमच्या तापात तुम्हाला डॉक्टरकडे नेलं होतं त्यानं, तेव्हा तुम्हीच म्हणालात, पाण्याचा पेला घेऊन बसलो असतो तरी सांडला नसता."

तुकोजीराव उठून आत गेले. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. जनाबाईंनी कारण विचारलं नाही, याचंच त्यांना जास्त लागलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी गल्लीतली मुलं, माणसं सोनं द्यायला येऊ लागली. प्रत्येक जण आपट्याची पानं हातात देई, वाकून पाया पडे, तुकोजीराव डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देत. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. लक्ष्मण, संताजी ओटीवरच उभे होते. कृष्णराव आले होते, बसून पानसुपारी खात होते.

दिवाकर आला तेव्हा लक्ष्मणनं तोंड फिरवलं. दिवाकरच्या कपाळावरची खूण अजून लाल होती. शाळेचा नकार त्याला आदल्याच दिवशी कळला होता. कुणामुळे, हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं तुकोजीरावांच्या हातात पानं दिली आणि नेहमीसारखा वाकला.

त्याचे हात पायाला लागायच्या आत तुकोजीरावांनी पाय मागं ओढले. इतक्या झटक्यानं की खुर्ची सरकली.

दिवाकर तसाच वाकलेला राहिला. त्याला वाटलं, राग आहे. "काका, एवढं काय..."

"पडू नकोस पाया," तुकोजीराव म्हणाले. त्यांनी हातातली पानं मांडीवर ठेवली. "ट्रॉली माझ्यामुळे उलटली. ओझं मी मागं टाकलं. घोड्याचा हिशेब मी जीपला लावला. कृष्णराव, आस मी पुढं घेववला ना?"

कृष्णरावांनी तोंडातलं पान थांबवलं. "हो साहेब."

"हा हळूच चालवत होता. मी बघत होतो. त्या दिवशी मला कारण कळलं नव्हतं. पण ट्रॉली आणली त्या दिवशी कळलं. कळूनही बोललो नाही."

 लक्ष्मणचा चेहरा आधी गोंधळलेला आणि मग उतरलेला दिसला. त्यानं दिवाकरकडे बघितलं, पण दिवाकर त्याच्याकडे बघत नव्हता.

"शाळेच्या बाई इथून बाहेर पडताना मी बघितल्या होत्या. कळलं तेव्हा त्या आल्या नव्हत्या अजून?" दिवाकरनं विचारलं.

तुकोजीरावांना वाटलं होतं की हा प्रश्न यायला वेळ लागेल. "नव्हत्या आल्या. नंतर आल्या. मला विचारलं. मी म्हणालो, घाईचा आहे."

दिवाकर सरळ उभा राहिला. तो ओरडला असता तर सोपं गेलं असतं. त्यानं हातात उरलेली पानं जनाबाईंच्या हातात दिली, त्यांच्या पाया पडला आणि पायऱ्या उतरून गेला. लक्ष्मण त्याच्यामागं धावला. गल्लीच्या टोकापर्यंत त्याचा आवाज ऐकू येत होता, "अरे सुन तो, यार, थांब ना." 

दुसऱ्या दिवशी सकाळी तुकोजीराव एकटेच सरोजिनीबाईंच्या घरी गेले. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. सगळं क्रमानं सांगितलं, काही गाळलं नाही. आस, दोन बोटं, बसचा वारा, दांडीचा भार, आणि चहाचा कप ठेवताना मनात काय आलं तेही.

सरोजिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "दुसरा माणूस मी उन्हाळ्यापर्यंत ठेवलाय. दिलेला शब्द मोडणार नाही. जूनमध्ये दिवाकरला बोलावीन, स्वतः बसमध्ये बसून त्याचं चालवणं बघीन." मग म्हणाल्या, "तुमच्याकडे मात्र या कामासाठी पुन्हा येणार नाही, तुकोजीराव. रागानं नाही म्हणत. मला मुली सांभाळायच्या आहेत."

"बरोबर आहे," तुकोजीराव म्हणाले, आणि नमस्कार करून निघाले.

ही गोष्टही गल्लीत पसरली, कारण त्यांनी ती कुणापासून लपवली नाही. थंडीत कुणी तरी ठेला बनवायला घेतला, पण विचारायला आलं नाही. एका टांगेवाल्यानं समोरूनच नवा टांगा नेला, थांबला नाही. लक्ष्मण आणि दिवाकर पुन्हा बोलू लागले. कृष्णरावांनी आस मागं घेऊन दिला, आणि पुढच्या शर्यतीच्या सरावाला जाताना दोघांनी मिळून ट्रॉली भरली. तुकोजीराव ओटीवरून बघत होते. कुणी मत विचारलं नाही, आणि ते उतरून गेलेही नाहीत.

जूनमध्ये शाळेची बस दिवाकरच्या हातात आली. मल्हारगंजाच्या वळणावर तिचा थांबा होता, तुकोजीरावांच्या ओटीसमोरच. मुली गलका करत चढत. सगळ्या बसल्या की दिवाकर मागं वळून एकदा मोजत असे आणि मग गिअर टाके. सकाळी पेपर हातात घेऊन तुकोजीराव तिथं बसलेले असत. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, हा बघेल. दिवाकरची नजर रस्त्यावर होती, तिथंच राहिली. बस वळणावरून अलगद गेली. तुकोजीरावांनी पेपर उघडला, आणि दुसऱ्या दिवशीही बस यायच्या वेळेला ते तिथंच बसले.